सांबराचं शिंग, अमेरिकेचा खिसा

अमेरिकेत घडीचे जुने चाकू जमवणाऱ्यांची एक वेगळीच बिरादरी आहे. या मंडळींच्या हाती शिंगाची मूठ असलेला जुना चाकू आला, की ती आधी मुठीची साल निरखतात. ती खडबडीत, तपकिरी, उभ्या रेघांची साल बहुतेक वेळा सांबराची असते आणि ते शिंग मुख्यतः भारतातून गेलेलं असतं.

सांबराची शिंगं दरवर्षी गळतात. जंगलात पडलेली ही शिंगं गोळा करून विकण्याचा व्यापार आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून होता. माल चाकू घडवणाऱ्या शहरांत जाई: इंग्लंडमधल्या शेफिल्डला, जर्मनीतल्या झोलिंगेनला, पुढे अमेरिकेतही जाऊ लागला. बाकीच्या हरणांच्या शिंगांत मधला भुसभुशीत गर जास्त असतो. सांबराचं शिंग त्या मानाने भरीव, म्हणून ते कापलं, घासलं, त्यातून खिळा ठोकला तरी टिकतं. शिवाय हात ओला असला तरी त्याच्या सालीमुळे पकड सुटत नाही. वन्यजीव संरक्षणाचे कायदे कडक होत गेले आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली. बंदी योग्यच होती, कारण गळलेलं शिंग कोणतं आणि मारलेल्या जनावराचं कोणतं, हे गोणीत भरल्यावर कोण सांगणार? पण त्यामुळे आधीच्या शिंगाच्या मुठींना संग्राहकांत भलतीच किंमत आली.

शिंग महाग, म्हणून शेफिल्डच्या कारागिरांनी गुरांच्या नळीच्या हाडावर खाचा पाडून, ते रंगवून शिंगाचा भास निर्माण केला. हे खाचांचं हाड पुढे अमेरिकन चाकूची ओळखच होऊन बसलं. 'केस' ही पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची प्रसिद्ध कंपनी आजही त्यासाठी ब्राझीलच्या झेबू गुरांचं हाड वापरते. ब्राझीलची ही गुरं आपल्याच ओंगोल, गीर, कांकरेज वाणांच्या वंशातली. म्हणजे खरं शिंग असो वा नकली, धागा इकडेच येतो.

या छंदाला आजचं रूप आलं ते १९६०-७०च्या दरम्यान. १९६८ साली अमेरिकेत बंदुकांचा नवा कायदा आला आणि बंदुका टपालाने मागवणं अवघड झालं. चाकूंना ती अडचण नव्हती, तेव्हा बरेच संग्राहक इकडे वळले. नेमक्या त्याच सुमारास केस कंपनीने पात्याच्या मुळाशी असलेला आपला छाप बदलला. १९६५मध्ये त्यात 'यू.एस.ए.' आलं. १९७०मध्ये छापाखाली दहा ठिपके आले आणि दर वर्षी एकेक ठिपका कमी होऊ लागला. भिंगातून ठिपके मोजले की चाकूचं साल कळतं. पात्यावरचे आकडेही बोलतात: ६३१८ मधला ६ म्हणजे खाचांचं हाड, ३ म्हणजे तीन पाती, १८ हा घडणीचा क्रमांक. मुठीतल्या वस्तूवर अशी वंशावळ वाचता येते, हे लोकांना कळलं आणि छंदाला भाषा मिळाली. १९७२मध्ये राष्ट्रीय पातळीवर संग्राहकांची संघटना उभी राहिली, १९८१मध्ये केसच्या संग्राहकांचा स्वतंत्र क्लब निघाला.

६३१८ हा गुराख्याचा चाकू. त्याच्या तीन पात्यांत एका पूर्ण व्यवसायाची दिनचर्या सामावलेली आहे. लांब, टोकदार पातं रोजच्या कामाचं. सरळ धारेचं, बोथट टोकाचं पातं खूर तासायला आणि दोर कापायला, कारण टोक जनावराला टोचत नाही. तिसरं, गोलसर टोकाचं, वासरं खच्ची करायला. पातं उघडताना बोटाला जाणवतो तो स्प्रिंगचा जोर, आणि पूर्ण उघडलं की 'टक्' असा कोरडा आवाज येतो. या मंडळींत त्याला 'वॉक अँड टॉक' म्हणतात. पात्याला कुलूप नसतं, केवळ पाठीमागची पोलादी पट्टी त्याला धरून ठेवते. ही पट्टी, दोन्ही बाजूंचे पितळी पत्रे, हाडाचे तुकडे आणि हे सगळं एकत्र आवळणारे खिळे, इतकाच सगळा संसार. तरी त्यातला एक सुतभर फरक पात्याला ढिलं किंवा हट्टी करतो.

चाकू दुसऱ्याला दाखवायचा तर मिटून हाती द्यायचा, त्यानेही मिटूनच परत करायचा. पात्यावर बोट फिरवायचं नाही, कारण साध्या कार्बन पोलादावर घामाचा डाग पडतो आणि गंज धरतो. सेल्युलॉइडच्या मुठीचे जुने चाकू वेगळे ठेवावे लागतात. ते विघटित होऊ लागले की त्यांतून निघणाऱ्या वाफेने शेजारचे चाकूही गंजतात. हे ज्ञान छापील पुस्तकापेक्षा टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाकडून मिळतं.

वाद एकच: वापरायचा की जपायचा? एकदा धार लावली की कोऱ्या चाकूची किंमत उतरते, हे खरं. पण मला खिशात बाळगणाऱ्यांचीच बाजू पटते. कार्बन पोलादाचं पातं सफरचंद, लिंबू कापून हळूहळू राखाडी-निळसर होतं आणि तो रंग कारखान्यातून विकत मिळत नाही. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला (१८७६) बक्षीस म्हणून मिळालेला बार्लो चाकू साडेबारा सेंटांचा होता. तो जपायला नव्हता, मुलाने वापरायला होता.

या छंदाने कारागिरीही तगवली आहे. १८९०च्या अमेरिकन जकातीने शेफिल्डची अमेरिकी बाजारपेठ मोडली. पुढे अमेरिकेचे कारखानेही बसत गेले: श्रेड २००४ मध्ये बंद, कमिलस २००७ मध्ये, क्वीन २०१८ मध्ये. केसच्याच पेनसिल्व्हेनियात, टायटसव्हिलला २००६मध्ये ग्रेट ईस्टर्न कटलरी सुरू झाली ती मात्र जुन्या घडणीचे चाकू मोजक्या संख्येने करण्यासाठी. हे चाकू विकत घेणारा वर्ग संग्राहकांचाच.

आपल्याकडे चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो आणि रामपुरी म्हणजे हिंदी सिनेमातला गुंड. कायद्याचीही भीती असते. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल आणि ते घरकाम, शेती, कारखाना यांसाठी नसेल तर परवाना लागू शकतो. त्यातच महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली अधूनमधून शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्यामुळे खिशात चाकू बाळगण्याचा छंद इथे रुजणं कठीण, आणि तो रुजावाच असंही नाही. पण लोहारकामाच्या घरगुती वस्तूंची नोंद ठेवायला कोणती अडचण आहे? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत म्हणून त्यांच्या तऱ्हा तरी आज पाहता येतात. विळी, कोयती, नारळ सोलायचं हत्यार, आजोबांच्या पेटीतला पितळी मुठीचा चाकू, यांची नोंद कुठे आहे?

तेव्हा या दिवाळीत घर आवरताना अशी एखादी वस्तू भंगारवाल्याला घालण्याआधी दोन मिनिटं थांबा. तिच्यावर छाप आहे का ते पाहा. ती कुणी, कुठून आणली, कशासाठी वापरली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि एका चिठ्ठीवर लिहून तिच्याबरोबर बांधून ठेवा.