सुकलेल्या ‘जनता’ची दुरुस्ती

खणात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं चावीचं घड्याळ चावी देऊनही हललं नाही, की आपण ते मोडलं असं धरून चालतो. बहुतेकदा तसं झालेलं नसतं. चाकं शाबूत असतात, स्प्रिंग धड असते. सुकलेलं असतं ते तेल. सुकता सुकता ते चिकट होतं आणि जे घर्षण कमी करण्यासाठी घातलं होतं तेच वाढवू लागतं. अशा घड्याळाला नवे भाग फारसे लागत नाहीत, ते उघडून, धुऊन, योग्य जागी तेल देऊन पुन्हा जोडावं लागतं. हे काम नवशिक्यालाही घरच्या टेबलावर जमू शकतं.

शिकण्यासाठी ‘एचएमटी जनता’सारखं घड्याळ नाही, असं माझं मत आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१मध्ये एचएमटीची घड्याळं बंगळुरूत तयार होऊ लागली आणि २०१६मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. मधल्या काळात ती इतकी विकली गेली, की जुन्या बाजारात आजही घड्याळ आणि सुटे भाग दोन्ही परवडतात. शक्यतो दोन सारखी घ्या, म्हणजे एकाचा स्क्रू हरवला तर दुसऱ्याचा कामी येतो. आजोबांचं घड्याळ मात्र पहिल्या खेपेला उघडू नका. तबकडी नव्याने रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. संग्रहासाठी ती टाळलेली बरी, हात बसवायला चालतील. आणखी एक खबरदारी घ्या. फार जुन्या घड्याळाचे काटे अंधारात चमकणाऱ्या रंगाने रंगवलेले असतील, तर तो रंग खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं आणि त्याची धूळ श्वासातून आत जाणं धोक्याचं आहे.

झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी नजर जाते ती बॅलन्सवर. हे चाक पूर्ण फिरत नाही, एकदा इकडे आणि एकदा तिकडे झुलतं. त्याला परत आणते केसाइतकी बारीक, गोल गुंडाळलेली हेअरस्प्रिंग. लंबकाला गुरुत्वाकर्षण लागतं, म्हणून तो मनगटावर निरुपयोगी ठरतो. ख्रिस्तिआन हायगेन्सने १६७५मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या जागी स्प्रिंग आणली आणि बऱ्यापैकी अचूक वेळ खिशात ठेवता येऊ लागली. झोका लहान असो की मोठा, त्याला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो. चाकाचं जडत्व आणि स्प्रिंगचा ताठपणा या दोन गोष्टीच तो ठरवतात.

हा ताठपणा तापमानाने बदलतो, ही पुढची अडचण. साध्या पोलादाची स्प्रिंग असेल तर दर अंश सेल्सिअसमागे घड्याळ दिवसाला सुमारे १० सेकंद मागे पडतं. सकाळ आणि दुपारच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक असणाऱ्या गावात अशा घड्याळाचा भरवसा कोण धरणार? शार्ल एदुआर गियोम यांनी निकेल आणि पोलादाचे असे मिश्रधातू शोधले, की ज्यांचा आकार किंवा लवचीकपणा उष्णतेने जेमतेम बदलतो. त्यासाठी त्यांना १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्तातल्या स्वस्त घड्याळातली हेअरस्प्रिंगही आज या संशोधनाची वारस आहे.

‘जनता’चं यंत्र तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला ४,३२,०००. प्रत्येक ठोक्याला एस्केप व्हील या शेवटच्या दातेरी चाकाचा एक दात पॅलेट नावाच्या झुलत्या तुकड्याच्या लाल खड्यावरून सुटतो आणि जाताना बॅलन्सला किंचित ढकलतो. तबकडीवरचे ‘१७ ज्वेल्स’ म्हणजे असे खडे आणि चाकांच्या आसांची टोकं ज्यांत फिरतात ते भोकाचे खडे. हे खडे माणकाचे असले, तरी ते माणिक खाणीतलं नव्हे. ऑगस्त व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२मध्ये ज्वाळेत माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली, तेव्हापासून ते भट्टीत तयार होतं. कठीण, गुळगुळीत आणि न गंजणारं असल्यामुळे पोलादाचा आस त्यात वर्षानुवर्षं न झिजता फिरतो.

आता हत्यारं हातात घ्या. आयग्लास, दोन बारीक चिमटे, टोकं नीट घासलेले स्क्रूड्रायव्हर आणि कप्प्यांचा डबा एवढं पुरे. पहिलं काम मेन स्प्रिंगचा, म्हणजे चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या स्प्रिंगचा, ताण उतरवण्याचं. तिच्या चाकाला उलटं फिरू न देणारी एक चिमुकली खिटी असते. चावीचं डोकं बोटांत घट्ट धरून खिटी बाजूला करायची आणि डोकं हळूहळू मागे फिरू द्यायचं. ताण तसाच ठेवून पॅलेट काढलं, तर सगळी चाकं क्षणात भणाणत फिरतात आणि दात किंवा आस तुटतात. त्यानंतर बॅलन्स काढायचा. त्याच्या आसाचं टोक मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढं असतं. वरची पट्टी उचलताना चाक हेअरस्प्रिंगला लोंबकळतं, तेव्हा झटका बसू देऊ नका. प्रत्येक पायरीला फोनने फोटो काढत जा. एखादा स्क्रू सुटत नसेल तर जोर लावण्याआधी थांबा, कारण चावीजवळच्या एका चाकाच्या स्क्रूला बऱ्याच घड्याळांत उलटे आटे असतात.

सुटे भाग लायटरच्या नॅप्थ्यात धुवायचे, खिडकी उघडी ठेवून आणि गॅस-उदबत्ती दूर ठेवून. खड्यांची भोकं टोकदार टूथपिक फिरवून साफ करायची. पिवळट-तपकिरी कडं टूथपिकवर उतरलेलं दिसलं, की घड्याळ का बंद पडलं होतं ते कळतं. पॅलेट मात्र स्पिरिटमध्ये कधीही बुडवू नका. त्याचे खडे लाखेने चिकटवलेले असतात. झाडावरच्या किड्यांपासून मिळणारी ही तीच लाख, जी स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार लाकडाला पॉलिश करतो.

जोडणीत सगळ्यात जास्त संयम लागतो तो ब्रिज, म्हणजे चाकांना वरून धरणारी पट्टी, बसवताना. तीन-चार चाकांच्या आसांची टोकं एकाच वेळी आपापल्या भोकांत जायला हवीत. ब्रिजवर बोट अलगद टेकवायचं आणि चिमट्याने एकेक चाक किंचित हलवत राहायचं. सगळी टोकं बसली की ब्रिज स्वतःच खाली बसतो. चाकं मोकळी फिरताना दिसल्याशिवाय स्क्रू आवळायचा नाही. आवळला, तर आस मोडलाच.

तेलात खरं शास्त्र आहे. मेन स्प्रिंगच्या बाजूला दाब जास्त आणि गती कमी, म्हणून तिथे ग्रीस किंवा दाट तेल लागतं. एस्केप व्हील तासाला ६०० फेरे घेतं आणि त्याच्यापर्यंत पोचणारं बळ अगदी थोडं असतं, म्हणून तिथे पातळ तेल हवं. पॅलेटच्या आसाला तर तेल द्यायचंच नाही, कारण त्याला मिळणारं बळ तेलाचा चिकटपणाच खाऊन टाकेल. खड्यांना बशीसारखा खोलगटपणा दिलेला असतो. केशाकर्षणामुळे तेल त्यात धरून राहतं. थेंब मोठा झाला तर ते काठ ओलांडून पसरतं आणि खडा कोरडा पडतो. म्हणजे जास्त तेल दिल्यानेही घड्याळ सुकतं! आयग्लासमधून आसाभोवती एक बारीक चकचकीत वर्तुळ दिसलं, की पुरे.

मग बॅलन्स बसवा. चावीचे थोडे पीळ दिल्यावर तो आपोआप झुलू लागला, तर जोडणी जमली. यापुढचं परीक्षण फोनसुद्धा करू शकतो. टिकटिक ऐकून घड्याळ किती पुढे-मागे आहे आणि बॅलन्स किती अंश झुलतो, हे सांगणारी ॲप्स आहेत. पूर्ण चावी दिलेलं, आडवं ठेवलेलं निरोगी घड्याळ साधारण २७० ते ३०० अंश झुलतं. झोका २००च्या आसपास अडकला, तर कुठेतरी घाण राहिली आहे, असं समजून पुन्हा उघडा. झोका चांगला असूनही घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळत असेल, तर हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागून तिचे वेढे एकमेकांना चिकटत असतील. घड्याळाजवळ नेल्यावर होकायंत्राची सुई थरथरली, की हा संशय पक्का होतो आणि चुंबकत्व घालवणारं छोटं यंत्र तो दोष क्षणात काढतं. हे सगळं पाहून झाल्याशिवाय पुढे-मागे करायच्या खटक्याला हात लावू नका. त्यानंतर दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक उरला, तर तो या घड्याळात खपवून घ्या. ८६,४०० सेकंदांत ३० म्हणजे ०.०३५ टक्के चूक.