क्रॉसिंग

सावंतवाडीहून दिव्याला निघालेली पॅसेंजर आडवलीला येऊन थांबते. मे महिना, सकाळचे साडेअकरा. विजेचं इंजिन आल्यापासून थांबलेली गाडी पूर्वीसारखी धडधडत नाही. चाकांचा आवाज संपतो आणि डब्यात एकदम पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागते. खिडकीबाहेर तापलेला जांभा, काजूची झाडं, आणि फलाटाच्या टोकाला सावलीत पाय पोटाशी घेऊन झोपलेलं कुत्रं.

पहिली दोन मिनिटं सगळे मोबाइल बाहेर काढतात. मीही काढते. रेंजची एकच काडी आहे आणि तीही टिकत नाही. समोरच्या बाकावरचा तरुण कानातले इअरफोन न काढताच दारापर्यंत जातो, सिग्नलकडे बघतो, कपाळाला आठ्या घालून परत येतो. पाठीवरची लॅपटॉपची बॅग त्यानं कुडाळपासून उतरवलेली नाही.

"थांबली तर थांबली. क्रॉसिंग आसतला," खिडकीजवळच्या काकी म्हणतात. कणकवलीला चढल्यापासून त्यांच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेला फणस आहे. डब्यात त्याचा वास भरून राहिला आहे. दाराशी एक बाई चारेक वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन कधीची उभी आहे. तिचा नवरा दोन पिशव्यांमध्ये अवघडून बसला आहे. काकी फणस पायानं आत सारतात आणि तिला हाक मारतात, "हयसर बस गो बाय. मी सरतंय."

त्या सरकतात, म्हणून त्यांच्या शेजारचे पांढऱ्या केसांचे काका सरकतात, म्हणून मी सरकते. तिघांच्या बाकावर आता साडेचार जणं आहोत. खांद्याला खांदा लागल्यावर गप्प बसणं अवघड होतं. काकी तरुणाकडे वळतात.

"खंय उतरतलंस रे बाबा?"

त्याला ऐकू येत नाही. तो एका कानातला इअरफोन काढतो. काकी तेवढ्याच शांतपणे पुन्हा विचारतात.

"दिवा. मग ठाणे."

"मी पण दिव्याकच. थयसून डोंबिवली. ह्यो फणस चेडवाक नेतंय. कापो हा."

"बरका नाही ना?" तो लगेच विचारतो, आणि त्याच्या आवाजावरूनच कळतं, हा घरचा माणूस आहे. दुसऱ्या कानातला इअरफोनही निघतो.

गाडी एवढ्यात हलणार नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं आहे. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा 741 किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग 26 जानेवारी 1998 पासून सलग सुरू झाला. रोहा ते वीर हा टप्पा 2021 साली दुहेरी झाला. वीरच्या खाली, इथपर्यंत आणि इथून पुढेही, बहुतेक ठिकाणी रूळ एकेरीच आहेत. समोरून गाडी येत असेल तर दोघींपैकी एकीला स्टेशनात बाजूच्या लाइनीवर जाऊन थांबावंच लागतं. थांबते ती बहुतेक वेळा पॅसेंजर.

फाटकाच्या बाजूनं एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन येते. फलाट ठेंगणा, गाडी उंच. ती टाचा उंचावून पानांचे द्रोण खिडकीच्या गजांपाशी धरते. काळीभोर करवंदं. काका दोन द्रोण घेतात आणि एक बाकाच्या मधोमध धरतात. कुणाला विचारत नाहीत, नुसता धरून ठेवतात. मी एक उचलते. तरुण एक उचलतो. मुलीची आई आधी नको म्हणते, मग मुलीसाठी दोन घेते.

"थांब, खाऊ नको," तरुण मुलीला म्हणतो. "आधी सांग, कोंबडा की कोंबडी?"

मुलगी त्याच्याकडे नुसती बघते. तिला खेळ माहीत नाही. तो करवंद नखानं मधोमध फोडतो. आतून लालबुंद निघतं. "हा बघ, कोंबडा! पांढरट निघालं की कोंबडी." आता मुलगी दुसरं उचलते, डोळे मिटून "कोंबडी!" म्हणते. निघतो कोंबडा. पलीकडच्या बाकावरचे दोघंजण वाकून बघू लागतात. त्यांच्यापैकी एकजण ओरडून "कोंबडा" म्हणतो आणि हरतो. पाच मिनिटांत सगळ्यांची बोटं जांभळी होतात. करवंदाचा चीक ओठांना चिकटतो, म्हणून बोलताना ओठ जरा ओढल्यासारखे होतात. तरुणानं लॅपटॉपची बॅग केव्हाच वरच्या फळीवर टाकली आहे.

पहिली गाडी येते ती मालगाडी. उघड्या वॅगनींवर ओळीनं भरलेले ट्रक उभे. मुलगी खिडकीच्या गजांवर तोंड दाबून ओरडते, "आई, ट्रक गाडीत बसलेत!" ही रो-रो. 1999 पासून ट्रक असे रेल्वेवर चढून घाट टाळतात. ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्येच बसलेले असतात. एकानं बनियन वाळत घातलं आहे, एकजण हातावर डोकं ठेवून आडवा झाला आहे. मुलगी हात हलवते. चौथ्या की पाचव्या ट्रकातला ड्रायव्हर खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून हलवतो, दिसेनासा होईपर्यंत हलवत राहतो. त्याच्या ट्रकाची पाटी पंजाबची आहे.

"आमचं काम असंच होतं," काका म्हणतात. इतका वेळ ते फारसे बोललेले नाहीत. "मी ट्रॅकवर होतो. गँगमध्ये. आता रिटायर झालो."

तरुण विचारतो, "असंच म्हणजे?"

"पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. दरड आली का, रुळाखालची खडी वाहून गेली का, ते चालत बघायचं. हातात बत्ती, अंगावर रेनकोट. माझ्या हद्दीच्या टोकाला पलीकडच्या हद्दीचा माणूस यायचा. भेटलो की वह्या बदलायच्या. माझी वही त्याच्याकडे, त्याची माझ्याकडे. म्हणजे साहेबाला कळतं, दोघंही शेवटपर्यंत चालले."

ते जांभळ्या बोटांनी हवेतच एक वही पुढे करतात आणि एक घेतात.

"पहिला अख्खा पावसाळा मी त्याचं तोंड नीट बघितलं नव्हतं. अंधार, पाऊस. पण त्याच्या चालण्याचा आवाज ओळखायचो. एका रात्री त्याला यायला उशीर झाला, तर मी तिथंच उभा. जीव थाऱ्यावर नव्हता. लांबून बत्ती दिसली तेव्हा बरं वाटलं." क्षणभर थांबून ते म्हणतात, "त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढत होतो."

कुणीच काही बोलत नाही. दरवर्षी जूनच्या मध्याला या मार्गावर पावसाळी वेळापत्रक लागतं. गाड्या मुद्दाम हळू चालवल्या जातात, कारण इथल्या मुसळधार पावसात हळू जाणं हेच सुरक्षित जाणं आहे. आपण प्रवासी त्याला 'गाडी लेट' म्हणतो. त्या हळू चालणाऱ्या गाडीपुढे रात्रभर कोण चाललेलं असतं, ते आज मला शेजारी बसून कळतं आहे.

स्टेशनातला माणूस हिरवा झेंडा घेऊन बाहेर येतो. रूळ आधी बारीक गुणगुणतात, मग वंदे भारत येते. पांढरी, बंद काचांची. डबे मोजेपर्यंत संपते. मुलीनं हात वर केलेला आहे, पण काचेआड कोण आहे ते दिसत नाही. तिथेही आमच्यासारखीच माणसं आहेत, कुणी आजाऱ्याला बघायला चाललं असेल, कुणाला नोकरीवर हजर व्हायचं असेल. त्यांना लवकर पोचायला हवं आणि त्यांनी पोचावं. ती गाडी वेगानं जाऊ शकते, कारण आमची थांबली आहे. कुणीतरी थांबल्याशिवाय एकेरी रुळावर कुणालाच पुढे जाता येत नाही. आणि थांबलो नसतो तर या डब्यातले आम्ही सगळे दिव्यापर्यंत समोरासमोर बसून, एकमेकांना न बघता गेलो असतो. मीही. कुडाळपासून इथपर्यंत मी या माणसांकडे मान वर करून बघितलं नव्हतं.

सिग्नल मिळतो. एक हलका धक्का बसतो आणि आडवलीची पाटी मागे सरकू लागते. म्हातारी रिकाम्या टोपलीत डोक्यावरची चुंबळ टाकून फाटकाकडे निघाली आहे.

निवसर स्टेशन गेल्यावर काका मुलीच्या बापाला खिडकीपाशी बोलावतात. "पोरीला इथं धरा. पानवलचा पूल येतोय. 64 मीटर उंच आहे." बाप मुलीला उचलतो, तरुण तिचा पाय धरतो, काकी तिच्या फ्रॉकला मागून घट्ट पकडतात. तिघांच्या हातांत ती मुलगी दरीतली झाडं बघते आहे.

काकी फणसाच्या गोणपाटाची गाठ तपासतात. "दिव्याक जिनो चढताना ह्यो माका झेपाचो नाय," त्या कुणालाच उद्देशून न बोलता म्हणतात.

"मी घेतो ना," तरुण म्हणतो. "डोंबिवलीच्या गाडीत बसवून देतो. तुम्ही फक्त पिशवी धरा."

दिवा अजून सात-आठ तासांवर आहे. फणस मात्र आत्ताच त्याच्या पायाशी सरकला आहे.

तुमचीही गाडी कधीतरी अशी थांबेल, रुळावर, सिग्नलला, दवाखान्याच्या बाकावर किंवा रेशनच्या रांगेत. तेव्हा मोबाइल थोडा वेळ खिशात राहू द्या. शेजारच्याला जागा करून द्या आणि एवढंच विचारा, "तुम्ही कुठे उतरणार?"