द्रायुकृत थर, कोळशाच्या वायूकरणातील
बारीक कणांच्या थरातून वर जाणाऱ्या वायूचा रेटा कणांच्या वजनाइतका झाला की, कण सुटे होऊन थर उकळत्या द्रवासारखा वागतो. त्यास द्रायुकृत थर म्हणतात. मुंबईत १८६५ मध्ये लागलेल्या रस्त्यांवरील दिव्यांसाठी बंद बकपात्रांत कोळसा तापवून वायू मिळवीत. फ्रिट्स विंक्लर यांच्या पद्धतीत (लॉइना, जर्मनी, १९२६) कोळशाचे कण ऑक्सिजन व वाफ यांच्या प्रवाहात खेळते ठेवले गेले. थराचे तापमान सर्वत्र जवळजवळ सारखे राहते. मात्र राख मऊ होण्याइतके ते वाढल्यास कण चिकटून थर बसतो. भारतीय कोळशात राख पुष्कळ असली, तरी ती सामान्यतः उच्च तापमानासच मऊ होते. म्हणून त्यास ही पद्धत सोयीची ठरते. राखेबरोबर काही कार्बन वाया जातो, ही तिची उणीव होय.