दिसणं वेगळं, ओळखू येणं वेगळं

अंधाऱ्या रस्त्यावर सायकलच्या मागून एखादी गाडी येते तेव्हा तिच्या हेडलाइटचा झोत आधी पुढच्या रस्त्यावर पसरतो. कडेची झाडं उजळतात, सायकलची लांबलचक सावली पुढं पळू लागते, आणि सायकलस्वाराला वाटतं, आपण लख्ख उजेडात आहोत, गाडीवाल्याला आपण दिसलोच असणार. हा समज जितका स्वाभाविक तितकाच घातक आहे. उजेड त्याच्या अंगावर पडला हे खरं; पण त्यातला किती उजेड परत फिरून चालकाच्या डोळ्यांपर्यंत पोचला, यावर त्याचं दिसणं ठरतं. ते त्याला स्वतःला कधीच कळत नाही, कारण तो गाडीच्या काचेमागं बसलेला नसतो. रात्रीच्या सायकलस्वारानं स्वतःकडे चालकाच्या डोळ्यांनी पाहायला शिकलं, तर कोणता दिवा घ्यावा, पट्टी कुठं लावावी, कपडे कोणते घालावेत, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं बदलतात. बहुतेक वेळा ती स्वस्तही होतात.

आधी वेळेचा हिशोब पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगानं येणारी गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढं सरकते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच २५ मीटर संपतात. नंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला साधारण तेवढंच अंतर आणखी लागतं. म्हणजे सायकलस्वार ५० मीटर अलीकडेच कळला पाहिजे, आणि रस्ता ओला असेल तर त्याहूनही आधी. डिपरवर ठेवलेल्या हेडलाइटचा कामाचा उजेड जेमतेम तेवढाच लांब जातो, आणि गडद शर्ट-पँट घातलेला माणूस त्या उजेडातही बराच जवळ आल्यावर आकार घेतो. देशात २०२२ साली रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. हे सगळे अपघात अंधारामुळं झाले असं नाही. पण अंधारात आपल्याकडे किती कमी क्षण उरतात हे हिशोबानं समजलं, की ते वाढवायचे कसे हा प्रश्न कळीचा होतो.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलच्या मागच्या मडगार्डवर खालच्या टोकाला पांढरा रंग दिलेला असतो आणि त्याच्याजवळ लाल रिफ्लेक्टर. पांढरा पट्टा इंग्लंडातून आला. तिथं १९३०च्या दशकात सायकलच्या मागं तो असावा असा नियम झाला होता. एकाच मडगार्डवर शेजारी बसलेल्या या दोन गोष्टी अगदी वेगळ्या रीतीनं काम करतात. पांढऱ्या रंगावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, आणि चालकाच्या वाट्याला त्यातला कणभर येतो. आरशावर पडलेला उजेड एकाच दिशेला जातो, पण आरसा बरोबर समोर नसेल तर ती दिशा भलतीकडची असते. रिफ्लेक्टर मात्र उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतो. त्याच्या आत एकमेकींशी काटकोन करणाऱ्या तीन-तीन पृष्ठभागांचे बारीक कोपरे असतात; खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तसे. किरण या तिन्हींवर आपटला की आला त्याच दिशेनं माघारी फिरतो. चालकाचे डोळे त्याच्या हेडलाइटपासून फार लांब नसतात, म्हणून परतलेल्या झोतातला मोठा भाग त्याला मिळतो आणि तळहाताहून लहान तुकडा अंधारात पेटल्यासारखा दिसतो. रात्री रस्त्यात बसलेल्या जनावराचे डोळे चमकतात, तेही असाच उजेड परतवणाऱ्या पडद्यामुळं. इंग्लंडच्या हॅलिफॅक्समधल्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली ‘कॅट्स आय’चं, म्हणजे रस्त्याच्या मध्यरेषेवर बसवायच्या चमकत्या खुंट्यांचं, पेटंट घेतलं. चांद्रयान-३च्या विक्रम लँडरवरही नासाचा असाच आठ प्रिझम असलेला छोटा रिफ्लेक्टर आहे. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं सोडलेला लेझर किरण डिसेंबर २०२३मध्ये त्यावरून परतला. कोपऱ्याची ही साधी भूमिती चंद्रावर चालते, तशी सायकलच्या पॅडलवरही चालते.

मराठीत अशाच उजेड परतवणाऱ्या चमकत्या पट्टीला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, आणि त्या नावानं एक गैरसमज घट्ट केला आहे. खरं रेडियम वापरलेला रंग स्वतः उजळायचा. जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवरचे आकडे त्यानं अंधारात दिसत. बाजारातली पट्टी स्वतः अजिबात उजळत नाही. तिच्यावर कुणाचा तरी दिवा पडावा लागतो. त्यातच नंबरप्लेट आणि नावं कापून देणाऱ्या दुकानांत साध्या रंगीत विनाइललाही रेडियमच म्हणतात, त्यामुळं चकचकीत पण उजेड न परतवणारा कागद सायकलवर चिकटवून माणूस निर्धास्त होतो. तपासायचा उपाय सोपा आहे. अंधारात पट्टीपासून दहा-पंधरा पावलं दूर उभं राहून मोबाइलची बॅटरी डोळ्याशेजारी धरावी. पट्टी खरी असेल तर झळकते, आणि बॅटरी हातभर बाजूला नेली की फिकी पडते. साधं विनाइल दोन्ही वेळा सारखंच मंद दिसतं. पट्टी लावल्यावर ती पुसत राहणंही तितकंच गरजेचं आहे. पावसाळ्यात चिखलाचा पातळ थर बसला तरी तिचा उजेड मरतो, आणि ज्या पट्टीवर बारीक काचमणी उघडे असतात ती नुसत्या पाण्यानंही मंदावते.

रिफ्लेक्टरचं हे सामर्थ्य हीच त्याची मर्यादा आहे. जिथं हेडलाइट पडत नाही तिथं तो नसल्यातच जमा. आडव्या गल्लीतून मुख्य रस्त्याला लागणाऱ्या मोटारीचा झोत समोरच्या कुंपणावर असतो, तुमच्यावर नसतो. तुम्ही तिच्यासमोर आलात की मग पडतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. हेडलाइट गेलेला टेम्पो किंवा दिवा न लावता निघालेली दुचाकी, यांच्यापुढंही रिफ्लेक्टर हतबल आहे. म्हणून सायकलला स्वतःचा दिवा हवा, पुढं पांढरा आणि मागं लाल; कोणाच्याही झोताची वाट न पाहता तो बोलतो. डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात २००४-०५मध्ये सुमारे चार हजार सायकलस्वारांवर याचा मोठा प्रयोग झाला. निम्म्यांच्या सायकलींना चाकावरच्या चुंबकानं कायम, दिवसासुद्धा, चालू राहणारे दिवे बसवले. त्या गटात इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी नोंदले गेले. अपघातांची माहिती सायकलस्वारांनी स्वतःच दिली होती, त्यामुळं आकडा थोडा मागंपुढं धरावा. तरी दिशा स्पष्ट आहे. मात्र दिवा कुठं लावला हे पाहायला हवं. आपल्याकडे कॅरियरवर दुधाची किटली, भाजीचं पोतं, नाहीतर डब्याची पिशवी असते, आणि सीटखाली लावलेला लाल दिवा तिच्याआड जातो. ओझं लादल्यावर पाच पावलं मागं जाऊन दिवा दिसतो का, हे एकदा पाहणं पुरतं.

फ्लोरोसंट जाकीट घेणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. ते भडक पिवळे-नारिंगी रंग सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून दिसणाऱ्या उजेडात बदलतात, म्हणून दिवसा आणि तिन्हीसांजेला उत्तम काम देतात. रात्री त्यांना तो खुराकच मिळत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात, बंद रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्या २४ चालकांना सायकलस्वार ओळखायचे होते. काळ्या कपड्यांतले २ टक्के सायकलस्वार ओळखले गेले, फ्लोरोसंट जाकिटातले १५ टक्के, उजेड परतवणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घातलेले ५० टक्के. त्याच जाकिटासोबत घोट्यांवर आणि गुडघ्यांवर पट्ट्या बांधल्यावर हा आकडा ९० टक्क्यांवर गेला. हँडलवरच्या दिव्यानं, स्थिर असो वा लुकलुकता, ओळखण्यात फारसा फरक पडला नाही.

जाकीट तेच असताना दोन-चार पट्ट्यांनी एवढी झेप का घ्यावी? याचं उत्तर स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांच्या १९७३च्या कामात आहे. त्यांनी अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवर उजेडाचे ठिपके ठेवले. ठिपके स्थिर असताना कुणाला काहीच बोध होईना, पण माणूस चालू लागताच पाहणाऱ्यानं क्षणात ओळखलं की हा माणूस आहे. आपला मेंदू सजीवाची हालचाल फार चटकन पकडतो. रस्त्यावर लाल ठिपका मोटारीचा असतो, दुचाकीचा असतो, बंद पडलेल्या ट्रकचा असतो, दूरच्या टपरीचाही असतो. तो दिसतो, पण कसला आणि किती लांब हे सांगत नाही. वरखाली फिरणारे दोन ठिपके मात्र एकच गोष्ट सांगतात: इथं एक माणूस पॅडल मारतो आहे, सावकाश जातो आहे, जपा. इंग्लंडात १ ऑक्टोबर १९८५पासून बनलेल्या सायकलींना रात्री पॅडलवर पिवळट नारिंगी रिफ्लेक्टर असणं सक्तीचं आहे, त्यामागचा फायदा हाच. वरचा ऑस्ट्रेलियन प्रयोग दिव्याच्या विरोधात जातो असं वाटेल, पण त्यात हेडलाइट सरळ सायकलस्वारावर पडत होता, म्हणजे रिफ्लेक्टरसाठी सगळं अनुकूल होतं. चौकात तसं नसतं. तिथं दिवा लागतो, सरळ रस्त्यावर घोट्याची पट्टी. दोघांची कामं वेगळी आहेत, म्हणून दोन्ही हवेत.

शहरात रस्त्याला दिवे आहेत, मग याची गरज काय, असं विचारलं जातं. रस्त्यावरचे दिवे डांबर उजळतात, पण दोन खांबांच्या मध्ये आणि झाडांच्या फांद्यांखाली काळोखाचे तुकडे उरतातच, आणि गडद कपड्यांतला माणूस गडद डांबरात मिसळतो. शिवाय समोरून येणाऱ्या वाहनाचा ‘अप्पर’ डोळ्यांवर आला की काही क्षण चालकाला फक्त तो झोत दिसतो. उतारवयातल्या चालकाचे डोळे त्यातून सावरायला जास्त वेळ घेतात. अशा वेळी सायकलचा स्वतःचा दिवा जास्त लागतो. लुकलुकता दिवा बरा की स्थिर, हा वादही याच अंगानं सुटतो. लुकलुकणारा दिवा लक्ष चटकन वेधतो, पण त्यावरून अंतर आणि वेग जोखणं अवघड जातं. म्हणून एकच असेल तर स्थिर ठेवावा. पुढचा दिवा किंचित खाली झुकवावा, कारण समोरच्याला दिपवणारा दिवा त्यालाही आंधळं करतो.

सर्वात वजनदार आक्षेप न्यायाचा आहे. जड, वेगवान वाहन चालवणाऱ्यानं जपायचं, की सगळा भार सायकलवाल्यानं उचलायचा? हा आक्षेप जुना आहे. इंग्लंडातल्या सायकलस्वारांच्या संघटनेनं मागच्या दिव्याच्या सक्तीला अनेक वर्षं याच कारणानं विरोध केला. उद्या धडक झाली तर ‘तुझा दिवा नव्हता’ म्हणून दोष आपल्याच माथी येईल, अशी त्यांची भीती होती. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्लॅकआउटमध्ये तो दिवा सक्तीचा झाला आणि युद्धानंतरही राहिला. त्यांची भीती खोटी नव्हती. आजही अपघातानंतर सायकलवाल्याच्या कपड्यांची चौकशी आधी होते, गाडीच्या वेगाची नंतर. दिवा नसलेला माणूस मरणाला पात्र होत नाही, आणि झोताच्या आवाक्याबाहेरच्या वेगानं गाडी हाकणारा दिव्याअभावी निर्दोष ठरत नाही, हे ठामपणे म्हणायलाच हवं. पण सावध चालकसुद्धा जे कळलं त्यालाच टाळू शकतो. दिवा आणि पट्टी त्या सावध चालकासाठी आहेत. बेफिकीर चालकासाठी कायदा आणि दंड आहे. एकाची मागणी करताना दुसरं सोडायची गरज नाही.

हा भार कुणावर पडतो, तेही पाहायला हवं. पहाटे दूध घालणारे, पेपर टाकणारी मुलं, एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून परतणारे कामगार, रात्रीचे वॉचमन. यांच्यापैकी बहुतेकांसाठी सायकल हौस नाही, एकमेव वाहन आहे. चार्जिंगचा दिवा घेतला तर तो सायकल उभी केल्यावर चोरीला जातो, ही त्यांची तक्रार खरी आहे. जुन्या डायनॅमोला चोराचं भय कमी होतं, पण तो चाक जड करायचा आणि सायकल थांबली की विझायचा. म्हणून सुरुवात अशा गोष्टींनी करावी ज्या चोरीला जात नाहीत: पॅडलचे रिफ्लेक्टर, मडगार्डवर आणि मागच्या चिमट्यावर खऱ्या पट्टीचे तुकडे, पँटच्या पायांवर शिवून टाकलेली वीतभर पट्टी. चहा-नाश्त्याच्या पैशांत हे सगळं होतं. दिवा त्यानंतर, आणि तो काढून खिशात घालता येईल असा.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या आवारात आरटीओची माणसं येतात आणि उसाच्या ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना लाल रिफ्लेक्टर लावतात, कारण अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळून माणसं मेल्याचे अनुभव गाठीशी आहेत. त्याच रस्त्यावरून त्याच वेळी जाणारी सायकल मात्र या मोहिमेतून सुटते. मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. हिवाळ्यात शाळा किंवा क्लास सुटून घरी पोचेपर्यंत अंधारतं. सायकल देतानाच पॅडलचे रिफ्लेक्टर तपासले, घोट्याच्या दोन पट्ट्या आणि एक दिवा जोडून दिला, तर सायकलच्या किमतीत नगण्य भर पडेल. कारखान्यांच्या फाटकावर, दूध संकलन केंद्रावर, पेपरच्या गठ्ठ्यांच्या नाक्यावर पट्टी वाटता येईल. तीन तुकडे चिकटवायला पाच मिनिटं लागतात. ट्रॉलीसाठी आपण ते करतो. पॅडल मारणाऱ्या माणसासाठीही करायला हवं. त्याच्या घोट्यांवरचे दोन ठिपके पन्नास मीटर आधी चालकाला सांगू शकतात की पुढं माणूस आहे. ब्रेक लावायला तेवढं पुरतं.