सूर्य कोंडला, पण पळपुट्या कणांचं काय?

कोरेगावकर विज्ञानप्रेमींनो, १९५५ साली जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा म्हणाले होते, दोन दशकांत संलयनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. सत्तर वर्षं उलटली, तिची वीज अजून घरात आलेली नाही. एक अडचण आहे वेगवान कणांच्या गळतीची.

प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, चुंबकांनी कोंडणाऱ्या टोकामॅक यंत्रात ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची रूपं जुळली की न्यूट्रॉन आणि अल्फा कण तयार होतात. न्यूट्रॉन चुंबकाला जुमानत नाही, थेट भिंतीत शिरतो. अल्फा कणाने मात्र आत फिरत प्लाझ्मा तापता ठेवायचा. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १३ हजार किलोमीटर, म्हणजे पापणी लवायच्या आत कोरेगावहून मुंबई! तो लवकर निसटला तर प्लाझ्माची उष्णता जाते आणि भिंतही भाजते.

निसटायच्या दोन मुख्य वाटा:
🔹 चुंबकी वेटोळी सुटी सुटी असतात. दोन वेटोळ्यांमध्ये क्षेत्र थोडं कमजोर पडतं, तिथे कण अडकून बाहेर सरकतात.
🔹 हे कण प्लाझ्मात आल्फव्हेन लहरी (चुंबकी रेषांची कंपनं) उठवतात आणि त्याच लहरी त्यांना बाहेर ढकलतात.

फ्रान्समधल्या ईटर या टोकामॅक प्रकल्पात अशी १८ वेटोळी आहेत. तिथलं क्षेत्र एकसारखं व्हावं म्हणून पात्राच्या दुहेरी भिंतीत चुंबकी पोलादाचे ठोकळे बसवतात. या भिंतीतल्या ठोकळ्यांचा पुरवठा भारताकडे आहे.

घरात बारावी विज्ञानाचं कुणी असेल, तर त्यांना ही पोस्ट जरूर पाठवा.

#विज्ञान #संलयन