घराची दुरुस्ती आणि जाणत्याचा सल्ला

‘घर पाहावें बांधून’ असें आपल्याकडे म्हणतात. परंतु बांधलेलें घर मोडून पुन्हा नीट करणें हें त्याहूनही अवघड काम आहे, ही गोष्ट म्हणींत आलेली नाहीं. नवें घर उभारतांना नकाशा असतो, इंजिनिअर असतो, नगरपालिकेची मंजुरी असते. जुन्या घरांत फेरफार करावयाचे म्हटलें, कीं यांपैकीं बहुधा कांहींच नसतें. घरचीं माणसें रविवारीं सकाळीं चहा घेतां घेतां ठरवितात, कीं मधली भिंत काढली तर बैठकीची खोली ऐसपैस होईल. आणि सोमवारीं गवंडी घण घेऊन दारांत उभा राहतो. या रविवार-सोमवारच्या मध्यें एक माणूस यावयास पाहिजे. तो कोण, त्यास काय विचारावें आणि त्याच्या सल्ल्यास पैसे कां मोजावे, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम भिंतीचा स्वभाव समजून घेऊं. भिंत दोन तऱ्हेची असते. एक ओझें वाहणारी आणि दुसरी नुसता आडोसा करणारी. जुन्या वाड्यांत खांब व तुळया लाकडी असतात, परंतु तुळईचें एक टोंक पुष्कळदां भिंतींत शिरलेलें असतें. विटांच्या जुन्या दुमजली बंगल्यांत तर वरच्या मजल्याचा भार भिंतींवरच असतो. काँक्रीटच्या खांबांवर उभारलेल्या इमारतींत भार खांब व तुळया वाहतात, आणि मधल्या भिंती बहुधा आडोशाच्या असतात. या ‘बहुधा’ शब्दांतच सारा धोका आहे. गिलावा झाल्यानंतर दोन्ही भिंती डोळ्यांना सारख्याच दिसतात. टिचकी मारून आवाजावरून भिंत ओळखणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या अनुभवाविषयीं मला आदर आहे. पण वरचा भार कोणत्या वाटेनें खालीं उतरतो, तें त्या आवाजावरून कळत नाहीं. त्यासाठीं मूळ नकाशा पाहावा लागतो, आणि नकाशा नसेल तर जागेवर तपासणी करावी लागते.

माझें आयुष्य शाळेंत गणित शिकविण्यांत गेलें, म्हणून एक सोपा हिशेब मांडतों. 10 फूट लांब, 10 फूट उंच व 9 इंच जाड अशी विटांची भिंत सुमारें 4 टन वजनाची असते; साडेचार इंची भिंत त्याच्या निम्मी. ती निम्मी भिंत एका जागेवरून काढून दुसऱ्या जागीं बांधली, तर घराचें एकूण वजन तेवढेंच राहिलें असें वाटतें. परंतु पूर्वीं तिच्या खालीं तुळई होती, आतां नुसता स्लॅब आहे. राहत्या घराच्या स्लॅबचें गणित करतांना माणसें व सामानसुमान यांसाठीं दर चौरस मीटरला 200 किलो भार धरावा, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. म्हणजे 10 फूट लांबीरुंदीच्या खोलीस सारा मिळून सुमारें 1,850 किलो. आपली साडेचार इंची भिंत याहूनही अधिक ओझें एका रेघेवर आणून टाकते! जुनी फरशी न उखडतां तिच्यावर दोन इंच मसाला घालून नवी बसविली, तरी त्या खोलींत हजार किलोंहून अधिक वजन वाढतें.

आपली खोली आपली असते, परंतु इमारतीचा खांब सर्वांचा असतो. मुंबईंत घाटकोपर येथें सिद्धिसाई नांवाची चार मजली इमारत 25 जुलै 2017 रोजीं कोसळली आणि 17 माणसें दगावलीं. तळमजल्यावर फेरफाराचें काम चाललें होतें, आणि त्यांत आधाराच्या खांबांना हात लावला गेला, असा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनीं तर कोणतीच भिंत पाडण्याचें ठरविलें नव्हतें. घरांतल्या फेरफाराची जबाबदारी केवढी आहे, हें याहून अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाहीं.

दुसरी गोष्ट लोखंडाची. काँक्रीटमधील सळई गंजली म्हणजे फुगते. कारण गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. तो फुगवटा काँक्रीटला आंतून ढकलतो, तडे जातात आणि छताचे पोपडे पडूं लागतात. अशा वेळीं पोपडा खरवडून वर गुळगुळीत गिलावा केला, तर रोग झांकला जातो, बरा होत नाहीं. जाणता इंजिनिअर आधीं पाणी कोठून मुरतें तें शोधील, मग गंज कोठवर गेला तें पाहील, आणि गिलाव्याचा विचार शेवटीं करील. जुन्या चुन्याच्या अथवा मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करूं नये, कारण तिच्यांतील ओल बाहेर पडण्याची वाट त्यामुळें बंद होते, हेंही तोच सांगेल.

आतां सल्ला कोणाचा घ्यावा? जागेची मांडणी, उजेड व वारा यांचा विचार वास्तुविशारद, म्हणजे आर्किटेक्ट करतो. 1972 च्या कायद्याप्रमाणें वास्तुकला परिषदेकडे नोंद झालेल्यासच ही पदवी लावतां येते. म्हणून नोंदणीचा क्रमांक विचारण्यांत संकोच नसावा. भिंत, खांब, तुळई, स्लॅब यांपैकीं कशासही हात लागणार असेल, तर भाराचें गणित जाणणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर हवाच. विजेच्या तारांसाठीं परवानाधारक माणूस पाहावा. 2,000 वॅटचा एक गीझर जवळजवळ 9 अँपिअर प्रवाह ओढतो. दिव्या-पंख्यांसाठीं घातलेल्या जुन्या तारांवर तो जोडणें म्हणजे आगीला आमंत्रण देणें होय. केवळ रंग द्यावयाचा असेल, तर मात्र या सर्वांस त्रास देण्याचें कारण नाहीं.

सहकारी गृहसंस्थेंत राहणाऱ्यांनीं फेरफारापूर्वीं समितीची परवानगी घ्यावी लागते, आणि इमारतीच्या सांगाड्यांत बदल असेल तर नगरपालिकेचीही. महाराष्ट्रांतील गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची दर 5 वर्षांनीं, आणि 30 वर्षांवरील इमारतीची दर 3 वर्षांनीं सांगाड्याची तपासणी व्हावयास हवी. तो अहवाल संस्थेच्या दफ्तरांतून मागून घ्यावा आणि आपल्या सल्लागारास दाखवावा.

पुष्कळांचा प्रश्न असतो, कीं कंत्राटदार फुकट सल्ला देत असतां निराळी फी कशाला? उत्तर सरळ आहे. जितकें काम अधिक, तितकी कंत्राटदाराची प्राप्ति अधिक. त्यामुळें ‘हें काम करूं नका’ असें सांगणें त्याला जड जातें. कंत्राटदार प्रामाणिक असला तरी ही अडचण राहतेच. सल्लागाराची फी कामाच्या खर्चावर शेंकड्यानें ठरविली, तर तीच अडचण तेथेंही शिरते. म्हणून केवळ पाहणी व लेखी अभिप्राय यांसाठीं ठराविक रक्कम आधींच बोलून घ्यावी. पाहणीस त्याला स्वतः घरीं बोलवावें. दूरध्वनीवरून भिंत तपासतां येत नाहीं.

त्याला विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत. कोणत्या भागास मुळींच हात लावूं नये? कोणतें काम आधीं आणि कोणतें मागून? कोणकोणत्या परवानग्या लागतील? काम चालू असतां आपण किती वेळां येऊन पाहाल? त्याच्या उत्तरांवरून कामाची यादी, मापें व मालाचा प्रकार लिहून काढावा, आणि त्याच यादीवर दोन-तीन कंत्राटदारांचे दर मागवावे. यादी एक असली तरच दरांची तुलना होते. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणें द्यावे. नळाच्या वा विजेच्या नळ्यांसाठीं खांबांत अथवा तुळईंत खांच पाडूं नये, हें वाक्य करारांत अवश्य घालावें.

गवंडी काम कसें करावें तें सांगतो. तें करावें कीं नाहीं, हें सांगणारा माणूस निराळा असतो. दोघांचीही गरज आहे, परंतु दुसऱ्याची भेट पहिल्याच्या आधीं व्हावयास हवी. भिंत पडल्यानंतर मिळालेला उत्तम सल्लासुद्धां त्या भिंतीच्या उपयोगीं पडत नाहीं.