काळा पडदा आणि ग्राफिक्स ड्रायव्हर

बर दुबईतील खालिद बिन अल वलीद मार्गावरची संगणकांची दुकाने आपल्यापैकी अनेकांना परिचित आहेत. तेथून सुटे भाग आणून मी मुलासाठी घरीच संगणक जुळवला आणि त्यावर उबुंटू लिनक्स बसवले. काही आठवडे सारे सुरळीत चालले. मग एका रविवारी रात्री प्रणाली अद्ययावत केली आणि पडदा काळा पडला. सोमवारी सकाळी मुलाला शाळेत प्रकल्प सादर करायचा होता.

असे का घडते? ग्राफिक्स ड्रायव्हर हा कार्ड आणि कर्नेल यांच्यातील दुभाषी होय. एएमडी व इंटेल यांचे ड्रायव्हर कर्नेलमध्येच अंतर्भूत असतात. एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर मात्र बहुधा वेगळा बसवावा लागतो आणि त्याचा कर्नेलशी जोडला जाणारा भाग प्रत्येक नव्या कर्नेलसाठी नव्याने तयार व्हावा लागतो. ते काम अर्धवट राहिले की दुभाषी गैरहजर!

अशा वेळी घाबरून सारे पुन्हा बसवू नये. संगणक सुरू होतानाच एस्केप कळ दाबावी, प्रगत पर्यायांतून जुने कर्नेल निवडावे. आमचा प्रकल्प असाच वाचला. त्यानंतर नव्या कर्नेलची हेडर पॅकेजे बसवून ड्रायव्हर पुन्हा बसवला.

ड्रायव्हर संकेतस्थळावरून उतरवण्यापेक्षा उबुंटूच्या ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या साधनातून शिफारस केलेला निवडणे हिताचे. पुढील अद्ययावतीकरणे मग प्रणालीच सांभाळते. सिक्युअर बूट चालू असल्यास बसवताना एक पासवर्ड ठरवावा लागतो. पुढच्या आरंभी निळा पडदा येतो. तेथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यावा. ही पायरी चुकली तर कर्नेल ड्रायव्हरला प्रवेशच नाकारतो.

जुने कार्ड स्वस्तात घेताना त्याची पिढीही पाहावी. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नेल भागाची मुक्त आवृत्ती प्रसिद्ध केली. पण ती ट्युरिंग व त्यानंतरच्या कार्डांपुरतीच आहे. २०१६ च्या पास्कल कार्डांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मुख्य शाखा ठरली.

आणि एक पथ्य: अद्ययावतीकरण शनिवारी सकाळी करावे, रविवारी रात्री नव्हे.